जे नंतर बदलता येत नाही

पहिली रोड बाईक घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे पैसे मोजके होते आणि वेळ हवा तेवढा. त्या वेळात मी वाचलं, विचारलं, ओळखीच्यांच्या सायकली उलट्या करून पाहिल्या. यातून एक विचार हळूहळू पक्का झाला आणि तो अजून हललेला नाही. सायकलवरच्या काही गोष्टी पुढे कधीही बदलता येतात: टायर, साखळी, सीट, हँडलवरची टेप, अगदी गिअरसुद्धा. काही गोष्टी मात्र सायकल घेतली त्याच दिवशी ठरून जातात. फ्रेमचं माप, फ्रेममध्ये टायरसाठी सोडलेली जागा, ब्रेक कोणत्या प्रकारचे बसणार, मागे कोणत्या रुंदीचा हब (चाकाचा मधला भाग) बसणार. हातात पैसे थोडे असतील तर त्यांचा पहिला हक्क या दुसऱ्या गोष्टींचा.

सायकल समोर उभी असताना हे लक्षात ठेवणं सोपं नसतं. नजर पहिल्यांदा गिअरवर छापलेल्या नावाकडे जाते, मग रंगाकडे, मग सायकल एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला जातो. फ्रेमच्या मापाची पाळी शेवटी येते, आणि तोवर मन जडलेलं असतं.

नावांचंच आधी सांगते. शिमानो कंपनीच्या रोड गिअरांमध्ये खालून वर क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशी उतरंड आहे. अलीकडच्या पिढ्यांत मागच्या चाकावर क्लॅरिसला ८ दातेरी चकत्या असतात, सोराला ९, टियाग्राला १०, आणि १०५ला आधी ११ होत्या, आता १२. प्रत्येक पायरीला किंमत चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर वाटतं, अजून थोडं जमवलं तर वरचं मिळेल. माझी ही ओढ एका माहितीने बरीच सैल केली. ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आणणारे लिव्हर शिमानोने १९९० साली आपल्या सर्वांत वरच्या ड्यूरा-एसमध्ये पहिल्यांदा दिले. त्याआधी भलेभले शर्यतपटूही गिअर बदलायला हँडलवरचा एक हात सोडून खालच्या तिरक्या नळीवरच्या खटक्याकडे नेत. ती सोय आज या उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या क्लॅरिसमध्ये आहे. वरच्या पायऱ्यांवर गिअर अधिक हलक्या हाताने पडतात, वजन थोडं घटतं, दोन गिअरांमधलं अंतर कमी होतं. हे फरक खरे आहेत. पण पहिल्या सायकलीवर बसणाऱ्या माणसाला त्यांच्यावाचून काही अडत नाही.

चकत्यांच्या संख्येपेक्षा एक वेगळा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो: सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. १९०३ साली टूर दि फ्रान्स सुरू झाली आणि त्यात डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर, वापरायची परवानगी मिळाली थेट १९३७ साली. तोवरचे शर्यतपटू चढ लागला की उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी चकती साखळीला मिळायची, आणि पुन्हा निघायचे. १९१०मध्ये पिरेनीज पर्वतातली तूर्मालेची खिंड त्यांनी अशाच सायकलींवर पार केली. ती माणसं विलक्षण होती. तुमच्या-माझ्या पायांना मात्र सोपा गिअर हवा.

हिशेब असा. पुढचं चक्र ३४ दात्यांचं, मागची सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची आणि टायर २८ मिलिमीटरचा असेल, तर पेडलचा एक पूर्ण फेरा सायकलला सुमारे सव्वादोन मीटर पुढे नेतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास पडतो. जुन्या रेसिंग सायकलवर पुढे ४२ आणि मागे २३ दाते असतील, तर त्याच एका फेऱ्यात जवळपास चार मीटर अंतर जातं आणि मिनिटाला ६० फेऱ्यांचा वेग होतो ताशी १४. खऱ्या चढावर नवखा माणूस ताशी १४ने जाऊ शकत नाही. मग फेरे ४० किंवा ३५वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर. दिसायला देखणी, किमतीला स्वस्त अशी जुनी रेसिंग सायकल इथे मार खाते. मागची चकती बदलून थोडी सुटका होते. पण अशा बऱ्याच जुन्या क्रँकवर (पेडल जोडलेला दांडा) पुढचं चक्र धरणाऱ्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर असतो आणि त्यावर ३८ दात्यांपेक्षा लहान चक्र बसतच नाही. मग क्रँक बदला, कदाचित तिच्यासोबत बेअरिंगचा संचही बदला, आणि स्वस्तात मिळालेली सायकल तेवढी स्वस्त राहत नाही. म्हणून सायकल बघायला गेल्यावर दाते मोजायचे. मोठ्या चकत्यांवर आकडा बहुधा छापलेलाच असतो.

वजनाबद्दलही हिशेब करून पाहावा, त्याने मन शांत होतं. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलसाठी २००० सालापासून किमान ६.८ किलो ही मर्यादा घातली आहे. सुरुवातीच्या किमतीतली ॲल्युमिनियमची रोड बाईक साधारण १० ते ११ किलोची असते. हा तीन-चार किलोंचा फरक उचलून पाहताना प्रचंड वाटतो. आता चढावर बघू. एक किलो वजन १०० मीटर उंच न्यायला ९८१ ज्यूल लागतात. पाय १५० वॉट देत असतील, तर ती साडेसहा सेकंदांची मेहनत झाली. म्हणजे ५०० मीटर उंचीच्या लांबलचक चढावर तीन किलोंचा फरक सुमारे ९८ सेकंदांचा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर तो चढ १५० वॉटवर नुसत्या उंचीपोटी ४६ मिनिटं घेतो. ४६ मिनिटांत दीड-पावणेदोन मिनिटं. शर्यतीत हा फरक जिंकण्या-हरण्याचा आहे. सकाळी फिरायला निघणाऱ्याने त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

सपाटीवर तर वजनाचं राज्य संपतंच, तिथे हवा अडवते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. शिवाय हवेला अडवण्यात सायकलपेक्षा स्वाराच्या अंगाचा वाटा कितीतरी मोठा असतो. म्हणून शरीर सायकलवर कसं बसलंय, त्या बसण्यात तासभर आरामात राहता येतं की नाही, यावर वेग ठरतो. ग्रॅम ऑब्री हा स्कॉटिश सायकलपटू मला या विषयात सगळ्यात जवळचा वाटतो. त्याने स्वतःच्या हाताने सायकल बनवली, तिच्यात वॉशिंग मशीनमधलं बेअरिंग घातलं आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची आपली पद्धत शोधली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार इथे त्याने तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून फ्रान्चेस्को मोझेरचा १९८४पासूनचा विक्रम मोडला. आदल्याच दिवशी त्याच धर्तीवर बनवून घेतलेल्या दुसऱ्या सायकलवर त्याचा प्रयत्न फसला होता. दुसऱ्या सकाळी तो आपल्या मूळ सायकलवर बसला. सहा दिवसांत ख्रिस बोर्डमनने तो विक्रम पुढे नेला आणि नंतर यूसीआयने ती बसण्याची पद्धतही बंद केली. तरी त्या एका सकाळी एका माणसाने आपल्या शरीराला जुळणाऱ्या घरगुती सायकलवर जगातला सर्वांत मोठा आकडा नोंदवला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि म्हणून माप. यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

घरी भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, एक जाडसर पुस्तक दोन पायांमध्ये वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हे पायाचं आतलं माप. त्याला ०.८८३ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं. पायाचं माप ७५ सेंटिमीटर असेल तर सीट साधारण सव्वासहासष्ट सेंटिमीटरवर. हा आकडा सुरुवातीपुरता. मग सायकलवर बसून पेडलवर टाच ठेवायची. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर डुलता कामा नये. पुढे चालवताना गुडघ्याच्या समोरच्या बाजूला दुखायला लागलं तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर.

सीट वर-खाली होते, त्यामुळे उंचीचा प्रश्न सहसा सुटतो. न सुटणारा प्रश्न आहे लांबीचा. सीटपासून हँडलपर्यंत शरीर किती ताणलं जातं, हे फ्रेम ठरवते. एकाच उंचीच्या दोघांपैकी एकाचे पाय लांब आणि धड आखूड असू शकतं, माझं तसंच आहे, आणि नेमकी अशाच माणसांची गफलत होते. फ्रेमवर ५२, ५४, ५६ असे आकडे असतात. पूर्वी ती सीटखालच्या नळीची सेंटिमीटरमधली लांबी असायची. आता वरचा दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे एका कंपनीची ५२ आणि दुसरीची ५२ यांची लांबी वेगळी निघते. तुलना करायची तर ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ हे दोन आकडे पाहावेत: क्रँकच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीचं वरचं टोक किती वर आहे आणि किती पुढे आहे. कंपन्यांच्या तक्त्यात ते दिलेले असतात. हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटिमीटरने आखूड करून थोडी तडजोड होते. त्याहून जास्त फरक असेल तर पाठ, मान आणि तळहात यांना रोज त्याची किंमत मोजावी लागते, आणि शेवटी सायकल कोपऱ्यात उभी राहते.

मला एक कार्बनच्या फ्रेमची, १०५ गिअरची सायकल परवडेल अशा भावात मिळत होती. विकणारे गृहस्थ सज्जन होते, सायकल निगुतीने ठेवलेली होती, रंग असा की नजर हटत नव्हती. ती माझ्यापेक्षा एक माप मोठी होती. मी तिच्यावर बसले, हँडलच्या वाकलेल्या भागापर्यंत हात नेले तेव्हा कोपर अगदी ताठ झाले आणि बोटं ब्रेकपर्यंत जेमतेम पोचली. ‘स्टेम बदला, काम होईल,’ असं सोबत आलेला मित्र म्हणाला. मी आभार मानून निघाले. नंतर घेतली ती ॲल्युमिनियमची, सोरा गिअरची, करड्या रंगाची साधी सायकल. तिच्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा मला कुठेच काही जाणवलं नाही. कुठे ताण नाही, कुठे रेटा नाही. म्हणूनच ती पसंत पडली.

वापरलेली सायकल घ्यायला मी कधीही सांगेन, फक्त तपासून. कार्बनची सोडून. ॲल्युमिनियमची फ्रेम आपटली तर पोचा किंवा भेग दिसते. कार्बनच्या आतले थर सुटलेले वरून दिसतीलच असं नाही, आणि नाण्याने टकटक करून येणाऱ्या आवाजावर जीव सोपवावा इतकी ती चाचणी पक्की नाही. धातूच्या फ्रेमवर मी आधी हँडलजवळचे जोड बघते, विशेषतः खालची तिरकी नळी जिथे सुरू होते ती जागा. रंगाला केसासारखी रेघ दिसली की तिथेच थांबायचं. ॲल्युमिनियम वारंवार ताण घेऊन थकतं, त्याला पोलादासारखी सुरक्षित मर्यादा नसते, त्यामुळे भेग वाढतच जाते. मग सीटचा बोल्ट सैल करून सीटचा दांडा वर-खाली हलवायचा. तो कित्येक वर्षं न हलवल्यामुळे फ्रेममध्ये गच्च बसलेला असेल, तर सीट तुमच्या उंचीवर कधीच येणार नाही. ही तपासणी फार थोडे लोक करतात.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली की हँडलच्या बेअरिंगमधला खेळ हाताला कळतो. क्रँक आडवी हलवून पाहिली की तिथला खेळ. चाक अधांतरी फिरवून ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवली की चाक किती आउट आहे ते दिसतं. रिमच्या ज्या पट्टीवर ब्रेक घासतो तिच्यावरून बोट फिरवायचं. ती आत खोलगट झाली असेल तर चाक संपत आलंय. आणि साखळी. तिच्या एका पिनेपासून मोजून पंचविसाव्या पिनेपर्यंत नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरले तर साखळी बदलायची, एक अष्टमांश जास्त भरले तर बहुधा तिने मागच्या चकत्याही खाल्लेल्या असतात. ती करडी सायकल बघायला गेले तेव्हा माझ्यासोबत फूटपट्टी होती. साखळी वाढलेली निघाली, ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा गंजलेल्या, टायरच्या कडा तडकलेल्या. या सगळ्या बदलता येणाऱ्या गोष्टी. त्यांची बेरीज मी विकणाऱ्यासमोर ठेवली आणि त्याने ती मान्य केली. क्रँकखालचा फ्रेमचा क्रमांक मूळ पावतीशी जुळवून पाहिला. पावती नसेल आणि क्रमांक खरवडलेला असेल, तर भाव कितीही चांगला असो, ती सायकल कोणाची तरी चोरलेली असू शकते.

मागच्या हबबद्दल एक सूचना. सर्वांत स्वस्त सायकलींत मागच्या चकत्यांचा गठ्ठा हबवर आटे पाडून बसवलेला असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं आणि धुरीचा (ॲक्सलचा) मोठा भाग आधाराविना सुटतो, म्हणून ती वाकते. १९७८मध्ये शिमानोने फ्रीहब आणला, त्यात बेअरिंग बाहेरच्या टोकाला गेलं. शक्य असेल तर फ्रीहब आणि कॅसेट (त्यावर सरकवून बसवायचा चकत्यांचा गठ्ठा) असलेलीच सायकल घ्यावी.

ब्रेकचा वाद मी लांबवणार नाही. पावसात आणि लांब उतारावर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक नक्कीच सरस. पण कमी पैशांत जे तारेवरचे हलक्या प्रतीचे डिस्क मिळतात, त्यांच्यापेक्षा चांगला रिम ब्रेक मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्याचं रबर दहा मिनिटांत आपल्या हाताने बदलता येतं.

टायरसाठी जागा मात्र नीट पाहावी. जुन्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरच्या वर टायर बसेलच असं नाही. २८चा टायर बसत असेल तर हवेचा दाब कमी ठेवता येतो, खडबडीत रस्त्यावर सायकल नाचत नाही, हात सुन्न होत नाहीत. टायरच्या कडेवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते. हलक्या माणसाने तेवढी हवा भरायची गरज नाही. सायकल घेतल्यावर थोडे पैसे उरले तर पहिले चांगल्या टायरांवर घालावेत. रस्त्याला टेकतात ते तेवढेच, आणि त्यांचा फरक पहिल्याच वळणावर कळतो.

पैसे उरले तर, असं म्हटलं खरं, पण ते आधीच बाजूला काढून ठेवायचे असतात. मी एकूण रकमेतला पाचवा हिस्सा सायकलच्या भावाबाहेर ठेवला होता. हेल्मेट नवंच घ्यायचं, कारण त्यातला फोम एका धक्क्यात दबतो आणि वरून काही दिसत नाही. दाब दाखवणारा उभा पंप, आणि तो रोड बाईकच्या ट्यूबवरच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वला चालणारा. एक जास्तीची ट्यूब, टायर उकलायच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान, ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे एलन की. पुढचा-मागचा दिवा. रोड बाईकसोबत कधी कधी पेडल येतच नाहीत, तेही विचारून घ्यावं. पॅड असलेली चड्डी चैनीची वस्तू वाटते. तासाभरापेक्षा जास्त चालवणाऱ्याला ती सीट बदलण्यापेक्षा जास्त आराम देते.

नव्या तारा मी स्वतः ओवल्या. जुन्या बाहेरच्या नळ्याही काढून टाकल्या, कारण निम्मं घर्षण त्यांच्यातच असतं असा मला अनुभव आला. त्यानंतर तो सोरा इतका अलगद चालू लागला की वरच्या पायरीची आठवण राहिली नाही. साखळी बदलली, टायर २८चे घातले, सीट बदलली, टेप तर कितीदा तरी. फ्रेम तीच आहे.

सध्या मी चाकं शोधतेय. मागच्या रिमवर झिजेची खूण म्हणून जो बारीक खळगा असतो, तो आता पुसट व्हायला लागलाय. माझ्या फ्रेमला मागे १३० मिलिमीटरचा हब लागतो आणि ८, ९, १० चकत्यांचे शिमानोचे कॅसेट एकाच मापाच्या फ्रीहबवर बसतात, त्यामुळे निवडीला बराच वाव आहे. ११ चकत्यांसाठी बनवलेलं चाक मिळालं तरी चालेल. कॅसेटच्या मागे १.८५ मिलिमीटरची एक बारीक चकती घातली की माझ्या ९ चकत्या त्यावर नीट बसतील, आणि पुढे कधी गिअर बदलले तरी चाक तेच राहील. आऱ्यांच्या बाबतीत माझं ठरलंय, मागे ३२च हवेत. कमी आऱ्यांची चाकं दिसायला छान असतात, हलकीही असतात, पण ३२ आऱ्यांच्या चाकातला एखादा आरा वाटेत तुटला तरी बाकीचे भार वाटून घेतात आणि ब्रेक थोडा सैल करून त्याच चाकावर घरी येता येतं.